बोलावणं

ही गोष्ट मी फादरांनाही सांगितलेली नाही. नाताळाच्या आधी आणि ईस्टरच्या आधी आम्ही वसईचे कॅथलिक कुमसाराला जातो, म्हणजे फादरांच्या कानात आपली पापं सांगायला. इथे कॅनडात येऊनही मी ते चुकवलेलं नाही. रागावलो ते सांगतो, शेजाऱ्याचं वाईट चिंतलं ते सांगतो, बायकोशी नीट बोललो नाही ते सांगतो. मग ही एक गोष्ट जिभेच्या टोकाशी येते, मी खाकरतो, आणि म्हणतो — फादर, एवढंच. ते बिचारे तीन वेळा ‘नमो मरिये’ म्हणायला सांगतात. मी म्हणतो आणि घरी येतो.

मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. की आता साठी उलटली, म्हणून? खरं म्हणजे मलाही नीट ठाऊक नाही. सांगायला बसलोय, एवढं खरं.

घरापासून सुरुवात करतो, ते सोपं आहे. माझं घर ग्वेल्फमध्ये. मी खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो, त्यामुळे हात चालतो. घराचं बेसमेंट मी स्वतः बांधून काढलं. भिंतींना लाकडी पट्ट्या, जमिनीला गालिचा, आणि बाजूनं वेगळं दार. आम्हाला घर घेऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा रायनच्या — माझ्या मुलाच्या — वाढदिवसाला लोक आले, गाड्या रस्त्यावर लागल्या, आणि शेजाऱ्यानं सिटीकडे तक्रार केली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस दारात आला. फार सौजन्यानं बोलला. पण तो गेल्यावर मी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले, आणि फिलू — माझी बायको — मला हसली. म्हणाली, एवढ्याशा पार्किंगला माणूस इतका घाबरतो?

तेव्हापासून आमच्या घरी येणाऱ्याला माझे नियम आहेत. गाडी घरासमोर लावायची नाही, पलीकडच्या प्लाझात लावून चालत यायचं. पुढच्या दारानं नाही, बाजूच्या दारानं यायचं, म्हणजे बर्फाचे बूट तिथेच खाली ट्रेमध्ये राहतात. आवाज चढवायचा नाही. आणि प्रार्थना असेल तर फोन वरच्या टोपलीत ठेवायचे, कारण रोझरीच्या मध्येच कोणाचा तरी फोन गाणं म्हणायला लागला की माझं डोकं फिरतं. सगळे माझी थट्टा करतात. ‘पास्कलकडे जायचं म्हणजे एअरपोर्टवर जायचं,’ असं म्हणतात. हे नियम लक्षात ठेवा. मला तर ते विसरताच येत नाहीत.

त्या हिवाळ्यात गावी आई गेली.

मी जाऊ शकलो नाही. नुकताच माझ्या छातीत स्टेंट घातला होता आणि डॉक्टर विमानात बसू देईनात. मातीला मी नव्हतो. फोनच्या पडद्यावर पाहिलं, तेही मधूनमधून गोठत होतं. म्हणून ठरवलं, निदान महिन्याची प्रार्थना आपल्या घरी करायची. आमच्याकडे माणूस गेल्यावर महिन्यानं रोझरी म्हणतात, लोक येतात, चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटतात, गेलेल्याच्या चार गोष्टी निघतात.

आता एक चाल समजावून सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. आमच्या गावात या प्रार्थनेचं बोलावणं घरधनी स्वतः करत नाही. तो दुःखात असतो. घरातला धाकटा कोणीतरी — भाऊ, पुतण्या, भाचा — दारोदार जातो. उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगतो, अमक्याच्या घरी अमक्या दिवशी प्रार्थना आहे, या. आत बसायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. चिठ्ठी चालत नाही. चिठ्ठी पाठवली तर लोक म्हणतात, याला माणूस मिळाला नाही का? आणि जो सांगायला जातो तो नुसतं तोंड असतो. बोलावणं त्याचं नसतं. बोलावणं घराचं असतं, हे आमच्यात लहान पोरालाही कळतं.

इथे माझा भाऊ नाही, पुतण्या नाही. रायन ओटावात सरकारी नोकरीत, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत. उरला जोएल.

जोएल आमच्या शेजारच्या गावचा. इथे विद्यापीठात पीएचडी करायला आला होता, खाऱ्या जमिनीवर. समुद्राचं पाणी शिरलेल्या मातीत पुन्हा भात कसा येईल, असं काहीतरी. मला त्यातलं कळायचं नाही, पण तो बोलायला लागला की ऐकत बसावंसं वाटायचं. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर आमच्याकडे जेवायला. मला अंकल म्हणायचा, फिलूला आंटी. ती त्याला आठवड्याचं कालवण डब्यात भरून द्यायची आणि त्याच्या केसांवरून त्याला छळायची. बर्फ पडला की न सांगता येऊन ड्राइव्हवे शोव्हल करून जायचा. मी त्याला म्हटलं, जोएल, आमच्या घरचं बोलावणं तू कर. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, ‘करतो अंकल. आमच्या आजोबांच्या वेळी मीच गेलो होतो.’

दारोदार कुठे जाणार? टोरोंटोच्या बाजूला राहणारी आपली माणसं, त्यांना त्यानं फोन केले. मीच म्हटलं, तुझ्या लॅबमधल्या दोघातिघांनाही सांग, कुठकुठल्या देशांतली पोरं, घरचं जेवतील. आणि मीच त्याला आणखी एक नंबर दिला. बस्त्यावचा.

बस्त्याव माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याची आई लवकर गेली. तो माझ्या आईच्या हातचं खाऊन वाढला. तो तीस-एक वर्षं मॉन्ट्रियलला आहे, विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. आमच्या किनाऱ्यावर मोठं बंदर येणार म्हणून गावात आंदोलन सुरू झालं — मिठागरं जाणार, खाजणं जाणार, होड्या ओढायला जागा राहणार नाही — तेव्हापासून बस्त्यावला दुसरं काही सुचत नव्हतं. तिकडच्या संघटनेसाठी तो इथे सभांतून बोलायचा. पुढे तिकडच्या सरकारनं त्या संघटनेवर बंदी घातली. हे मला माहीत होतं का? होतं. तरी मी नंबर दिला, कारण आईच्या प्रार्थनेला बस्त्याव नाही, असं होऊच शकत नव्हतं. जोएलनं तोवर त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यानं फोन करून सांगितलं, पास्कल अंकलच्या घरचं बोलावणं आहे. आणि शिकवल्याप्रमाणे सगळ्यांना माझे नियम सांगितले — गाडी प्लाझात, बाजूचं दार, आवाज हळू, फोन टोपलीत.

रविवारी दुपारी सगळे आले. बस्त्याव बसनं आला, बर्फानं भिजलेला, ‘बाँझूर, पास्कू’ म्हणाला आणि आईचा फोटो पाहताच जिन्यावरच बसून रडला. फोटो मी टेबलावर ठेवला होता. चौकट मी स्वतः बनवली होती, कारखान्यातल्या उरलेल्या पितळी पट्टीचे कोपरे बसवून. पुढे मेणबत्ती, वर कागदी फुलांची माळ. रोझरी झाली, चणे वाटले. मग बस्त्याव आईच्या गोष्टी सांगता सांगता गावावर आला, गावावरून बंदरावर आला. जोएल ऐकत होता. तो मातीचा माणूस, त्याच्याकडे आकडे होते, बस्त्यावकडे राग होता, दोघांचं जमलं. टोपलीतले फोन परत घेतल्यावर कोणीतरी त्या दोघांचा फोटो काढला. बस्त्यावचा हात जोएलच्या खांद्यावर. आम्हाला सगळ्यांना तो फोटो आवडला आणि तो कोणीतरी इंटरनेटवर टाकला.

काही महिन्यांनी, उन्हाळ्यात, जोएल विद्यापीठाच्या हिरवळीवर बोलला. विद्यार्थ्यांची सभा होती. फार वेळ नाही बोलला. म्हणाला की माझी माती मी प्रयोगशाळेत वाचवतोय आणि तिकडे तिच्यावर काँक्रीट पडतंय, आणि त्या काँक्रीटमध्ये इथल्या लोकांचाही पैसा आहे, त्याबद्दल विचारा. कोणाला शिवी दिली नाही, काही फोडा म्हणाला नाही. व्हिडिओ फिरला. मी तो आमच्या ग्रुपवर टाकला, ‘आपला जोएल’ असं लिहून. मग दुसऱ्या कोणीतरी तिथे लिहिलं, सांभाळून, हे सगळं कोणीतरी बघत असतं. आणि मी माझा मेसेज पुसून टाकला. बघा, तिथेच सुरू झालं होतं.

मग गोष्टी शांत होत गेल्या, पण चांगल्या अर्थानं नाही. ग्रुपमधून लोक एकेक करून बाहेर पडले, कारण न सांगता. प्लाझातल्या कॉफीच्या दुकानात आपली माणसं भेटली की हवेबद्दल बोलायची आणि घाईत निघायची. जोएल एका रविवारी जेवायला आला तेव्हा त्यानं सांगितलं, इमिग्रेशनच्या लोकांनी त्याला बोलावून चौकशी केली होती. कोणाला ओळखतोस, कोणाला भेटतोस, त्या घरातली बैठक कसली होती. मी विचारलं, काय सांगितलंस? तो म्हणाला, खरं ते. आणि हसला. 

आता येतो त्या सकाळकडे. मी चहा घेतो आधी — नको, राहू दे. सांगूनच टाकतो.

शनिवार होता. एक बाई आणि एक पुरुष, त्याच इमिग्रेशनचे. गळ्यात ओळखपत्रं. पुढच्या दारानं आले. त्यांना माझे नियम कोण सांगणार? दोघांनी न सांगता बूट काढले, आणि तुम्हाला हसू येईल, मला त्याचं बरं वाटलं. कॉफी नको म्हणाले. सोफ्यावर बसले. मी समोरच्या खुर्चीत. बाईंनी पहिल्यांदाच सांगितलं की माझ्यावर काहीही आरोप नाही, मी इथला नागरिक आहे, नुसती माहिती हवी आहे. हे ऐका नीट. मला कोणी कुठे पाठवणार नव्हतं. बस्त्यावलाही नाही, तोही नागरिक. स्टडी परमिटवर एकटा जोएल होता.

बाईंनी तो फोटो माझ्यापुढे ठेवला. जोएल, बस्त्याव, मागे माझ्या लाकडी पट्ट्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की जोएलनं सगळ्यांना फोन केले. गाड्या लांब लावा म्हणाला. मागच्या बाजूनं या म्हणाला. हळू बोला म्हणाला. फोन काढून घेतले. बस्त्यावलाही त्यानंच बोलावलं, फोनची नोंद आहे. त्या एकेक सांगत होत्या आणि मला माझेच नियम ऐकू येत होते, पण कुठल्या तरी भयंकर माणसाचे असावेत तसे. मग त्यांनी फोटोच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे एक मेणबत्ती होती, माळेचा तुकडा होता, आणि चौकटीचा एक कोपरा. पितळी. त्यांनी विचारलं, हा फोटो कोणाचा? कोणाच्या स्मरणार्थ ही बैठक होती? संघटनेतलं कोणी मेलं होतं का?

तुम्हाला सांगू, त्या क्षणी आई कुठे होती? त्यांच्या डोक्याच्या मागे. सोफ्याच्या वरच्या भिंतीवर. तीच चौकट, तेच पितळी कोपरे. त्या बाईंनी नुसती मान वळवली असती तरी सगळं मिटलं असतं. मी सरळ आईकडे बघत होतो. फिलू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाची किटली.

आणि मी म्हणालो, आय डोन्ट नो.

म्हणालो, ते विद्यार्थ्यांचं काहीतरी होतं. जोएलनं बेसमेंट मागितलं, मी दिलं. लोक त्यानं बोलावले. तो मॉन्ट्रियलचा माणूस? — नाही, मी त्याला ओळखत नाही. त्या दिवशी पाहिला असेन.

घाबरलो होतो का? हो. पण भीतीत माणसाची बोबडी वळते. माझी वळली नाही. मी नीट, सावकाश, चांगल्या इंग्रजीत बोललो. बाई लिहून घेत होत्या आणि मी थांबत थांबत सांगत होतो, त्यांना लिहायला वेळ मिळावा म्हणून. जाताना त्यांनी माझे आभार मानले. मी दारापर्यंत गेलो आणि पायरीवर बर्फ आहे, जपून जा, असंही म्हणालो.

येशूला तीनदा ‘ओळखत नाही’ म्हणालेल्या पेत्राची गोष्ट मला सांगू नका. ती मला पाठ आहे, मी गुड फ्रायडेला चर्चमध्ये वाचतो ती. तो बाहेर जाऊन रडला. मी आत येऊन चहा प्यायलो.

 संध्याकाळी पोळ्या लाटताना फिलू माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आईंना ओळखत नाही म्हणालात तुम्ही.’ मी म्हटलं, तसं म्हणालो नाही, फोटो कोणाचा ते माहीत नाही म्हणालो. ती लाटत राहिली. जेवण झाल्यावर मी स्टूल घेतलं, आईचा फोटो भिंतीवरून काढला, चादरीत गुंडाळला आणि बेसमेंटच्या कपाटात विंटर टायर्सच्या मागे ठेवला. ते दोघं परत आले तर, म्हणून. खिळा तसाच दिसत होता, त्याला ग्रोसरीच्या दुकानातलं कॅलेंडर अडकवलं.

मी स्वतःला बरीच वर्षं — नाही, वर्षं कसली, अजूनही — सांगत आलोय की हे रायनसाठी केलं. रायनची तेव्हा ओटावात सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी घरादाराची तपासणी, चालू होती, बापाचं नाव कुठे यायला नको होतं. हे कारण किती छान आहे! मुलासाठी बाप काहीही करतो, कोण काय बोलणार? पण रायनचा फोन नंतर आला. कुठून तरी त्याला कळलं होतं. ‘डॅड, जस्ट स्टे आउट ऑफ इट,’ एवढंच म्हणाला. खोटं बोल असं तो म्हणाला नाही. आणि त्या खुर्चीत बसून मी खोटं बोललो तेव्हा रायन माझ्या डोक्यातही नव्हता. माझ्या डोक्यात फक्त ती दोन ओळखपत्रं होती.

मग जोएल त्या संघटनेचा माणूस आहे असा आरोप ठेवून त्याला देशाबाहेर काढायची सुनावणी लागली, आणि त्याच्या वकीलबाईंचा फोन आला. हे जास्त वाईट आहे, म्हणून थोडं थांबलो होतो. पहिलं खोटं एका सकाळी तोंडातून निघून गेलं, असं म्हणता तरी येईल. दुसऱ्या वेळी मला पुरेसा वेळ होता. वकीलबाई म्हणाल्या, जोएल सांगतो की ती तुमच्या आईची प्रार्थना होती, त्या माणसाला तुम्ही बोलावलं होतं. बस्त्यावही तेच लिहून देतो आहे. पण ज्याच्यावर आरोप आणि ज्याच्याशी संबंधाचा आरोप, त्या दोघांचा शब्द कोण धरणार? घर तुमचं आहे, तुमचा शब्द हवा. मग त्यांनी माझं आधीचं म्हणणं मला वाचून दाखवलं, एकेक वाक्य, आणि विचारलं — हे बरोबर आहे का? की काही दुरुस्त करायचं आहे?

मशिनं दुरुस्त करण्यात माझी उभी हयात गेली.

मी म्हणालो, इट इज करेक्ट.  मग आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

तुम्ही विचाराल, त्या दिवशी आलेली बाकीची आपली माणसं कुठे होती? होती ना. सगळ्यांना ठाऊक होतं कोणाची प्रार्थना, कोणाचं बोलावणं. पण घरधनी बोलत नाही तर आपण पुढे होऊन कसं बोलायचं? त्यांच्यावर मी बोट ठेवत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

बस्त्यावनं एकदाच फोन केला. मी उचलला नाही. त्यानं पुन्हा केला नाही, आजपर्यंत नाही. ज्याच्या ताटात माझी आई आधी वाढायची, तो.

आणि जोएल? जोएल निघण्याआधी एकदा आला. निर्णय लागला होता, त्याला देश सोडायचा होता. रविवार होता. बाजूच्या दारावर टकटक झाली. मी उघडलं तर तो, हातात फिलूचा मोठा टोप, तिनं कधीतरी पुलाव भरून दिलेला. धुऊन, पुसून आणला होता. मी बाहेर पाहिलं, गाडी नव्हती. एवढ्या बर्फात तो प्लाझापासून चालत आला होता. त्या दिवशीही.

बूट काढून ट्रेमध्ये ठेवले, वर आला. फिलू त्याला बघून आत गेली ती बाहेरच येईना. तो हॉलमध्ये उभा राहिला. सोफ्याच्या वरच्या भिंतीकडे त्याची नजर गेली, कॅलेंडरवर थांबली. त्याला कळलं. तुम्हाला सांगतो, त्याला तिथल्या तिथे कळलं, मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. निकालाचा कागद त्यानं वाचला होताच, त्यात माझी वाक्यं होती. मी वाट बघत होतो की आता तो बोलेल, शिव्या देईल, विचारेल. त्यानं विचारलं असतं तर कदाचित — नाही. ‘कदाचित’ मी खोडतो.

तो म्हणाला, ‘अंकल, तुमची तब्येत सांभाळा. शोव्हल तुम्ही करू नका, कोणालातरी सांगा.’ आणि गेला. मी एअरपोर्टवर गेलो नाही. फिलू गेली, बसनं, एकटी. कुठे चाललीस ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. ट्रेमध्ये त्याच्या बुटांखालचं पाणी संध्याकाळपर्यंत होतं, ते मी पुसलं.

तिकडे उतरल्यावर त्याला विमानतळावरच बाजूला घेतलं. बराच वेळ बसवलं, पासपोर्ट ठेवून घेतला. इथून हाकललेला, बंदी असलेल्या संघटनेच्या माणसाला स्वतः बोलावणारा — असा कागद त्याच्या आधी तिकडे पोचला असावा. त्या कागदात मी आहे. आता तो गावात क्लासेसमध्ये मुलांना सायन्स शिकवतो. पीएचडी सुटली. त्याच्या मातीच्या पिशव्या इथे कुठल्यातरी फ्रीजरमध्ये होत्या, त्यांचं काय झालं कोणास ठाऊक. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळतं. फिलूला तो अधूनमधून फोन करतो. ती फोन घेऊन बेसमेंटमध्ये जाते.

गेल्या नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी माझ्या फोनवर त्याचा एक फोटो आला. मला, फिलूला नाही. खाली काही लिहिलेलं नव्हतं. आमच्या गावचं सिमेटरी. आईची कबर झाडून साफ केलेली, ताजी शेवंती, आणि एक मेणबत्ती जळत होती. मागचा दगड पूर्ण दिसत होता. तो दगड मीच इथून पैसे पाठवून बसवून घेतला होता. त्यावर आईचं नाव आहे, कतरीन, आणि खाली कोरलंय — मुलगा पास्कल, कॅनडा.

मी त्याला उत्तर पाठवलं. ‘थँक यू, बाळा.’ एवढंच लिहिता आलं. मग बराच वेळ तो फोटो बघत बसलो, आणि शेवटी फोन उलटा करून ठेवला.

आईचा फोटो अजून टायर्सच्या मागेच आहे. दर वर्षी टायर बदलताना मी त्याला हात लावतो, चादर सरळ करतो आणि परत ठेवतो. रायनची क्लिअरन्स केव्हाच झाली.

ती माझी आई होती. बोलावणं माझं होतं. बस्त्याव माझा मित्र. जोएल फक्त माझा निरोप घेऊन गेला होता. त्या सकाळी त्या दोघांना सांगायचं होतं ते एवढंच.